रोसाहेबाने न पाहिलेली भिंत

माझ्या मावसबहिणीचं सासर बुऱ्हाणपूरला, राजपुऱ्यात. भाच्याच्या मुंजीला गेलो तेव्हा मुक्काम तिथेच होता. माजघरात मराठी, दारात भाजीवाला आला की हिंदी. आम्हा बेळगावकरांना यात नवल ते काय? आमच्या घरी आई मराठीत विचारते, धारवाडची सौ. कानडीत उत्तर देते, आणि दोघींचं बिनसलं की मधे आमची कन्या दुभाषी. ती दोन्हीकडचं बोलणं जरा मऊ करूनच पोचवते, असा माझा संशय आहे!

मुंज आटोपल्यावर मला शोधायचा होता सर टॉमस रो. इंग्लंडच्या राजा जेम्सचा हा वकील १६१५ साली सुरतेला उतरला आणि जहांगीर बादशहाला भेटायला अजमेरला निघाला. वाटेत नोव्हेंबरात तो बुऱ्हाणपूरला थांबला. इथे शहजादा परवेझचा तळ होता. खरी सूत्रं मात्र खानखानान अब्दुर्रहीमच्या हाती होती. साहेबाला सराईत भट्टीसारख्या गोल छताच्या विटांच्या खोल्या मिळाल्या. त्याने मुकाट्याने आपले तंबू ठोकले. दरबारात जमिनीला डोकं टेकवायला त्याने नकार दिला. खुर्ची मागितली, ती मिळाली नाही. चांदीने मढवलेल्या खांबाला टेकायची परवानगी तेवढी मिळाली. नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी होती. शहजादा आत गेला तो बाहेर आलाच नाही, कारण पेटी उघडली होती. पुढे साहेबाला तापाने गाठलं.

हे सगळं त्याच्या रोजनिशीत आहे. माझं कुतूहल मात्र त्याच्या दुसऱ्या वेडाबद्दल होतं. हा मुत्सद्दी जुन्या वस्तूंचा नादी. बुऱ्हाणपूरहून अजमेरला जाताना त्याने चितोडचं ओसाड वैभव पाहिलं आणि टिपून ठेवलं. पुढे १६२१ ते १६२८ तो कॉन्स्टँटिनोपलला वकील होता. तिथे तो इंग्लंडच्या उमरावांसाठी प्राचीन संगमरवरी मूर्ती धुंडाळत असे. तिथल्या सुवर्णद्वारावरची कोरीव शिल्पं उतरवून न्यायचा त्याने बराच खटाटोप केला, पण तो जमला नाही. पाचव्या शतकातली ग्रीक बायबलची पोथी धर्मगुरू सिरिल लुकारिसने इंग्लंडच्या राजाला भेट दिली, ती त्याच्याच हस्ते रवाना होऊन १६२७ मध्ये पोचली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. स्वतः जमवलेल्या ग्रीक आणि इतर २९ पोथ्या त्याने ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला दिल्या. अभ्यासक आजही त्या उघडतात. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

अशा माणसाच्या मुक्कामाच्या गावातच जामा मशीद उभी होती. फारुकी सुलतान आदिलशाहाने ती बांधून तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. आत गेल्यावर मी सौ.ला भिंत दाखवली. वर अरबी लेख, आणि तिथेच नागरी अक्षरांत संस्कृत लेख! विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध एकादशी, सोमवार. फारुकींची वंशावळ दिलेली, आणि मुहूर्त तर आपल्या लग्नपत्रिकेसारखा. इंग्रजी सन १५९०. सौ. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘एरडू ओंदे गोडी म्याल?’’ दोन्ही एकाच भिंतीवर?

रोसाहेबाने या लेखाबद्दल काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. त्याला ना फारसी येत होती, ना संस्कृत. सगळा भार दुभाष्यांवर. त्यांच्याबद्दल तर त्याची तक्रारच होती, की समोरच्याला रुचेल तेवढंच ते बोलतात. आपल्या राजाचं नाव बादशहाच्या आधी आलं म्हणून पत्रसुद्धा बदलायला निघतात. (इथे मला आमची कन्या आठवली.) ग्रीक पोथीची किंमत त्याला कळली, कारण ग्रीक ही त्याच्या विद्येची भाषा होती. हा संस्कृत लेख पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’त छापून आणला तो मध्य प्रांतातल्याच रायबहादूर हिरालाल यांनी. तो भिंतीवरून कुणी हलवला नाही हे नशीब.

कारण आपल्या बेळगावचं तसं झालं नाही. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातले शके ११२७ चे, म्हणजे सन १२०४ चे, इथल्या जैन बसदीचे दोन कानडी शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते तिथे सुरक्षित आहेत, वाचले गेले, छापलेही गेले. नाही म्हणत नाही. पण ज्या जागेचं दान त्यांत लिहिलंय, ती जागा इथे आहे आणि दगड तिथे.

परत आल्यावर सौ.ला घेऊन आमच्या गावी गेलो. देवळामागे एक जुना कानडी दगड आहे. लहानपणी आम्ही त्यावर ओले टॉवेल वाळत घालायचो. मला मोडी येते, हळेगन्नड नाही. सौ.ने पदराने धूळ पुसली आणि बोट फिरवत चार-पाच अक्षरं लावली. पुढची ओळ ऑइलपेंटखाली गेली होती. आता जीर्णोद्धार निघालाय, मागच्या बाजूला टाइल्स बसवायच्या आहेत आणि दगड ‘मधे येतो’. रविवारी पंचांची बैठक आहे. मी मराठीत बोलणार, सौ. कानडीत. कन्येला या खेपेला घरीच ठेवणार आहे.