विश्लेषण : ‘झेड प्राइम’च्या शोधात न सापडण्यालाही अर्थ

मुंबई : गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, तीव्र आणि क्षीण ही निसर्गातील चार मूलभूत बले मानली जातात. यांखेरीज एखादे बल अस्तित्वात आहे काय, याचा शोध जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेत अनेक वर्षांपासून सुरू आहे. अद्याप तसा कण सापडलेला नाही. तरीही हा शोध निष्फळ ठरलेला नाही.

बलवाहक कण म्हणजे काय?

दोन कणांमध्ये बल कार्य करते तेव्हा त्यांच्यात तिसऱ्याच कणाची देवाणघेवाण होते, असे आधुनिक भौतिकशास्त्र मानते. विद्युतचुंबकीय बलाचा वाहक फोटॉन, तीव्र बलाचा ग्लुऑन, तर क्षीण बलाचे डब्ल्यू आणि झेड बोसॉन. ‘बोसॉन’ हे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्या सन्मानार्थ दिले गेले. डब्ल्यू आणि झेड १९८३ मध्ये सर्नमध्येच सापडले. झेडचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे ९७ पट आहे.

मात्र, कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, यासारख्या प्रश्नांची उत्तरे प्रचलित सिद्धांतात मिळत नाहीत. त्यापलीकडे जाऊ पाहणारे अनेक सिद्धांत झेडसारखाच आणखी एक बलवाहक सुचवतात. या काल्पनिक कणाला ‘झेड प्राइम’ म्हणतात.

शोध कसा घेतात?

सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या भूमिगत कड्यात प्रोटॉनांची प्रचंड वेगाने टक्कर घडवली जाते. टकरीच्या ऊर्जेतून जड कण जन्मतो आणि क्षणार्धात विघटित होतो. त्यामुळे तो स्वतः दिसत नाही. मागे उरते ती इलेक्ट्रॉन किंवा म्युऑनची जोडी. या जोडीची ऊर्जा आणि दिशा मोजून मूळ कणाचे वस्तुमान काढले जाते. अशा असंख्य नोंदींच्या आलेखात झेडच्या जागी ठळक शिखर दिसते. त्यापुढे आलेख उतरत जातो. त्या उतारावर दुसरा उंचवटा आढळला, तर तो नव्या कणाचा संकेत ठरू शकतो.

घाई का नको?

उंचवटा निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये फोटॉनांच्या जोड्यांच्या नोंदींत असाच एक उंचवटा आढळला आणि त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. अधिक नोंदी हाती येताच ऑगस्ट २०१६ मध्ये तो विरून गेला. म्हणूनच योगायोगाची शक्यता साधारण ३५ लाखांत एकपर्यंत खाली आल्याशिवाय शोधाचा दावा केला जात नाही.

हाती काय लागले?

झेडप्रमाणेच वर्तन करणारा झेड प्राइम असलाच, तर तो प्रोटॉनच्या पाच हजार पटींहून अधिक जड असला पाहिजे, असे ‘अ‍ॅटलास’ आणि ‘सीएमएस’ या प्रयोगांच्या २०१५ ते २०१८ मधील नोंदींनी दाखवले आहे. त्यामुळे अनेक सिद्धांतांना मुरड घालावी लागली. अर्थात, ज्ञात कणांशी अत्यंत दुर्बळ संबंध असलेला झेड प्राइम याहून हलका असूनही नजरेआड राहू शकतो.

सीएमएस प्रयोगात मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी आहेत. शोधयंत्राचा एक भाग उभारण्यातही या संस्थेचा वाटा आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. यंत्राची सुधारित आवृत्ती २०३० च्या सुमारास सुरू करण्याचे नियोजन असून, त्यानंतर नोंदींची संख्या कित्येक पटींनी वाढेल. आज योगायोगात लपलेला एखादा क्षीण संकेत खरा की फसवा, हे तेव्हा अधिक खात्रीने सांगता येईल.