बॉम्बे रक्तगट : ‘ओ’ रक्तही ज्यांना चालत नाही

एखाद्या माणसाच्या रक्ताचा गट जगाला माहीत असलेल्या कोणत्याच गटात बसत नसेल तर? १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. रेल्वेचा एक जखमी कर्मचारी आणि भोसकला गेलेला दुसरा एक माणूस यांना रक्त द्यायचे होते. पण ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणतेही रक्त त्यांच्या रक्तद्रवात मिसळले की त्यातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होत. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी या विलक्षण रक्ताची नोंद त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. शहराच्या नावावरून हा गट जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या रक्ताचे वेगळेपण तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर असते. तिथे साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. या साखळीला आधी एक शर्करा जोडली जाऊन ‘एच’ नावाचा प्रतिजन तयार होतो. त्यावर आणखी एक शर्करा चढली की ए गट होतो, वेगळी शर्करा चढली की बी. काहीच चढले नाही तर नुसता एच उरतो आणि तोच ओ गट. म्हणजे ओ गटाच्या पेशी आपल्याला वाटतात तशा कोऱ्या नसतात. उलट त्यांच्यावरच एच सर्वाधिक असतो.

बॉम्बे गटाच्या माणसात हा एचच तयार होत नाही. त्यासाठी लागणाऱ्या जनुकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी असतात. मग अंगात ए किंवा बी गटाचे जनुक असले तरी ते झाकलेलेच राहते. म्हणूनच चाचणीत ‘ओ’ दिसणाऱ्या अशा माणसाचे मूल एबी गटाचे जन्मू शकते. या माणसांच्या रक्तद्रवात ए, बी आणि एच या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. एरवी अडल्या वेळी सर्वांना चालणारे ओ निगेटिव्ह रक्तही त्यांच्या जिवावर उठू शकते. आरएच घटक जुळत असेल, तर त्यांच्या तांबड्या पेशी ए, बी, एबी, ओ अशा कोणत्याही गटाच्या रुग्णाला चालतात. त्यांना स्वतःला मात्र फक्त बॉम्बे गटाचेच रक्त लागते.

भारतात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, तर युरोपात सुमारे दहा लाखांत एक. नात्यातल्या लग्नांमुळे ही शक्यता वाढते, कारण एकच निकामी जनुक दोन्ही बाजूंनी येऊ शकते.

नुसत्या पेशी तपासल्या तर हा गट हमखास ‘ओ’ म्हणून निघतो. त्यामुळे रक्तपेढीत तपासणी उलट बाजूनेही करतात : दात्याच्या रक्तद्रवात ओ गटाच्या ज्ञात पेशी घालून पाहतात. खऱ्या ओ गटात काही घडत नाही. बॉम्बे गटात पेशींचे पुंजके होतात. मग एच-विरोधी द्रव वापरून खात्री करतात. हा द्रव ‘युलेक्स’ नावाच्या युरोपातल्या एका काटेरी झुडपाच्या बियांपासून मिळतो.

म्हणून कित्येकांना आपला खरा गट पहिल्यांदा रक्तदानामुळेच कळतो. रक्तदानाची रीत सर्वांसाठी सारखीच आहे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. उपाशीपोटी जाऊ नये. आधी अर्ज भरून आजार, औषधे, अलीकडची शस्त्रक्रिया यांची माहिती द्यायची. ती खरी देणे हे रुग्णाच्या सुरक्षिततेचे पहिले पाऊल आहे. मग रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासतात. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुईने सहसा ३५० मिलिलिटर रक्त घेतात आणि त्याला साधारण दहा मिनिटे लागतात. त्यानंतर थोडी विश्रांती आणि चहा-बिस्किटे. रक्तातला द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषांनी ९० दिवसांनी आणि स्त्रियांनी १२० दिवसांनी पुन्हा रक्त द्यावे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग व हिवताप यांसाठी तपासणी होते.

रक्त कारखान्यात बनत नाही आणि फार टिकतही नाही. नेहमीच्या पिशवीतले रक्त ३५ दिवस, तर पोषक द्रव मिसळलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस वापरता येतात. ग्लिसरॉल घालून अतिशीत तापमानात पेशी दहा वर्षे जपता येतात, पण ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. त्यामुळे बॉम्बे गटाचा रुग्ण आला की आधार उरतो तो नोंद असलेल्या दात्यांचा. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर रुग्णाचेच रक्त आधी काढून ठेवण्याचाही मार्ग असतो.

या गटाचा माणूस कुटुंबात आढळला तर पहिली तपासणी त्याच्या सख्ख्या भावंडांची करावी. आईवडील दोघेही एकेका निकामी जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक भावंड याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक असते. असा दाता मिळाला की रक्तपेढीच्या दुर्मीळ गटांच्या यादीत त्याचे नाव आणि चालू दूरध्वनी क्रमांक नोंदवावा. बाकी सर्वांनी नियमित रक्तदान करत राहावे. दर शिबिरात दोन्ही बाजूंनी तपासली जाणारी ‘ओ’ची प्रत्येक पिशवी रुग्णाच्या उपयोगी तर पडतेच, शिवाय त्यांतल्याच एखाद्या पिशवीतून उद्याचा बॉम्बे गटाचा दाता सापडू शकतो.