जुन्या पिकअपला मोठे इंजिन : बैल तगडे, पण आख?



आपल्यापैकी अनेकांच्या दारात जुनी छोटी पिकअप आहे. बेणे, खताची पोती, भाजीपाला सारे तिच्यावरच. इंजिन बोअरला आले, गाडी चढावर दम टाकू लागली की मेस्त्री म्हणतो, "भाऊ, यावर खर्च कशाला? मोठं इंजिनच टाकू." युक्ती जुनीच आहे. पेट्रोल महागल्यावर सत्तर-ऐंशीच्या दशकांत कितीतरी पेट्रोल जीपगाड्यांना डिझेल इंजिने बसली. तेव्हा इंजिन बसते, यात शंका नाही. त्यानंतर काय होते, ते पाहू.

गाडीला तगडे बैल जुंपले म्हणून आख तगडा होत नाही. इंजिनाचा जोर क्लच, गिअर बॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलमधून चाकाला जातो. पहिल्या गिअरमध्ये हा जोर कित्येक पट वाढतो. हे भाग जुन्या इंजिनाच्या मापाचे असतात. क्लच घसरतो, गिअरचे दात उडतात किंवा आख तुटतो. डिझेलची साधारण एक तृतीयांश उष्णता रेडिएटरमार्फत बाहेर टाकावी लागते. जुना रेडिएटर अपुरा पडला की इंजिन तापते. जड इंजिनाने पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते.

खरा धोका ब्रेकचा. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटरने गाडी धावली, तर थांबवताना ब्रेकवर सव्वादोन पट काम पडते. ब्रेक मात्र तेच! आणि इंजिन वाढले म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही. ती चासी, आख, पाटे, टायर आणि ब्रेक यांवर ठरते. मागे मजूर बसवून उतार उतरताना हे ध्यानात येऊन उपयोग नाही.

आता कायदा. आर.सी. बुकात इंजिन नंबर, इंजिनाची क्षमता, इंधन अशा नोंदी असतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेऊ शकते आणि भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते. त्यात शेत गहाण पडायची पाळी!

म्हणून आमचे सांगणे असे :

१. आधी कॉम्प्रेशन, पंप, नोझल, एअर फिल्टर तपासा. क्लच घसरतो का, ब्रेक धरून राहतात का, तेही पाहा. पुष्कळदा दोष इथेच सापडतो.

२. इंजिन गेलेच असेल, तर त्याच जातीचे, त्याच क्षमतेचे बसवा. पक्की पावती घ्या. चोरीचे इंजिन गळ्यात पडू नये.

३. कामाला हात लावण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारा. नव्या इंजिन नंबरची नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

४. माल जास्त असेल, तर दोन खेपा करा किंवा मोठी गाडी भाड्याने घ्या.

मेस्त्रीला होकार देण्याआधी आर.सी. बुक आणि ब्रेक दोन्ही एकदा पाहावेत, ही सर्व सभासद बंधूंना विनंती.