३२ इंची की ४३ इंची? टीव्ही घेण्याआधी घरात कोण, कुठून, काय बघतं ते पाहा

बेळगाव : प्रतिनिधी

सणासुदीच्या ऑफर सुरू झाल्या की बेळगाव, निपाणी, खानापूरपासून इंदूर-वडोदऱ्यापर्यंत घराघरांत एक विषय निघतोच, यंदा टीव्ही बदलायचा. बजेट बहुतेकांचं २५ हजारांच्या आसपास संपतं. एवढ्या पैशात मुख्यतः दोन पर्याय समोर येतात. पहिला, ३२ इंची (८० सेंमी) एचडी रेडी स्मार्ट टीव्ही, साधारण १० ते १४ हजारांचा. दुसरा, ४३ इंची (१०८ सेंमी) फोर-के स्मार्ट टीव्ही, साधारण २० ते २६ हजारांचा. दुकानात सल्ला ठरलेला असतो, "अजून थोडे घाला आणि मोठाच न्या."

मोठा टीव्ही घरी येतो, भिंतीवर लागतो आणि दोन दिवसांत आजीची तक्रार सुरू होते, माणसांचे चेहरे पुसट दिसतात, जुनाच बरा होता. टीव्हीत बिघाड नसतो. पडदा एका कामासाठी बनलेला असतो आणि घरात त्याचा वापर दुसऱ्याच कामासाठी होत असतो. म्हणून इंच आणि सवलत बघण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : चित्र कुठून येतं, बघणारा किती लांब बसतो आणि कोणत्या बाजूला बसतो.

केबलचं चित्र आणि फोर-के पडदा

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. एचडी रेडी पडद्यावर १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके असतात. फुल एचडीवर १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. फोर-केवर ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख.

आता केबल किंवा डिशवरून येणारी साधी, म्हणजे एचडी नसलेली वाहिनी घ्या. तिच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर ठिपके असतात. पुष्कळदा त्याहूनही कमी. हे चित्र फोर-के पडद्यावर पसरायचं तर एका ठिपक्याचे वीस करावे लागतात. वीसातले एकोणीस टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. महागड्या टीव्हीतला प्रोसेसर हे काम बऱ्यापैकी करतो, स्वस्त टीव्हीला ते तितकं जमत नाही. त्यातच ४३ इंची पडद्याचं क्षेत्रफळ ३२ इंचीपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त, त्यामुळे चित्रातला प्रत्येक दोष मोठा होऊन दिसतो. ३२ इंची एचडी रेडीवर तेच चित्र अडीचपटच ताणावं लागतं आणि म्हणून जास्त रेखीव वाटतं.

घरातला जुना सेट टॉप बॉक्स पिवळी, लाल, पांढरी पिन असलेल्या केबलने जोडलेला असेल, तर कोणताही नवा टीव्ही त्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. अशा घरात आधी एचडी बॉक्स घेऊन तो एचडीएमआय केबलने जोडावा आणि रोजच्या दोन-तीन वाहिन्या एचडीत घ्याव्यात. कधी कधी एवढ्यानेच जुन्या टीव्हीवरचं चित्र सुधारतं आणि नव्या टीव्हीचा खर्च वर्षभर पुढे ढकलता येतो.

टेप घेऊन अंतर मोजा

निरोगी नजरेलाही ठराविक अंतरापलीकडे ठिपके वेगळे दिसत नाहीत. ३२ इंची एचडी रेडीसाठी हे अंतर साधारण सहा फूट येतं. ४३ इंची फुल एचडीसाठी साडेपाच-सहा फूट आणि ४३ इंची फोर-केसाठी तीन फुटांहून थोडं कमी.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की आठ फुटांवरच्या सोफ्यावरून ४३ इंची फुल एचडी आणि ४३ इंची फोर-के यांच्या बारकाव्यातला फरक जवळपास कळत नाही. तिथे उपयोग होतो तो पडद्याच्या आकाराचा. ४३ इंचीत चांगल्या कंपनीचा फुल एचडी टीव्ही स्वस्तात मिळत असेल, तर केवळ 'फोर-के' या शब्दासाठी तो सोडू नये.

उलट, जुन्या घराच्या अरुंद सोप्यात किंवा झोपायच्या खोलीत चार-साडेचार फुटांवरून बघायचं असेल, तर ३२ इंची पुरेसा भरतो. तिथे ४३ इंची लावला तर साध्या वाहिनीचे सगळे दोष डोळ्यांसमोर येतात.

बाजूला बसणाऱ्यांचं काय?

पडद्याच्या काचेमागचं पॅनेल मुख्यतः दोन प्रकारचं असतं. व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद दिसतो, रात्री दिवे घालवून सिनेमा बघायला ते छान. पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेलवर काळा रंग थोडा राखाडी वाटतो, मात्र कडेला बसलेल्यालाही रंग नीट दिसतात.

एकट्या-दुकट्या माणसाने समोर बसून बघायचं असेल तर व्हीए चालतं. मॅचच्या दिवशी दहा जण जमिनीवर, खुर्च्यांवर, दारात उभे राहून बघणार असतील तर आयपीएस बरं. पॅनेलचा प्रकार खोक्यावर क्वचितच लिहिलेला असतो. तपासायची सोपी पद्धत म्हणजे दुकानात टीव्हीसमोरून हळूहळू कडेला सरकायचं आणि चेहऱ्यांचे रंग उडतात का ते बघायचं.

'एचडीआर' या शब्दालाही भुलू नये. एचडीआर चित्र उठून दिसायला पडदा खूप प्रखर असावा लागतो. बजेट टीव्ही ते चित्र स्वीकारतो, पण तेवढा प्रकाश त्याच्याकडे नसतो.

मराठी वाहिन्या की इंटरनेट?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. केबलवाला किंवा डिश कंपनी सहसा त्या त्या राज्याच्या भाषेचं पॅकेज पुढे करते. पण २०१९ पासून लागू असलेल्या ट्रायच्या नियमांनुसार ग्राहकाला सशुल्क वाहिन्या सुट्या निवडता येतात. कन्नड, गुजराती किंवा तेलुगू पॅकेजसोबत दोन-तीन मराठी वाहिन्या सुट्या मागता येतात. डीडी फ्री डिशवर महिन्याचं शुल्क नसतं आणि त्यावर डीडी सह्याद्री मिळते.

दुसरा मार्ग इंटरनेटचा. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, तर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर दिसतात. वडोदऱ्यात किंवा हैदराबादेत केबलवर मराठी वाहिनी नसली तरी अडत नाही. हे चित्र केबलच्या साध्या वाहिनीपेक्षा स्वच्छ असतं, त्यामुळे मोठ्या पडद्याचा खरा फायदा इथे मिळतो.

फक्त डेटाचा हिशेब करावा. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज दोन तास एचडी बघितलं तर महिन्याला १८० जीबीपर्यंत जातात. मोबाइलचं रोजचं दीड-दोन जीबी त्याला पुरणार नाही, ब्रॉडबँडच हवं. शिवाय नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही आणि फोर-के फक्त सर्वांत महाग प्लॅनमध्ये मिळतं. गावात नेट धड चालत नसेल, तर फोर-केसाठी मोजलेले पैसे भिंतीवर टांगल्यासारखेच.

किमतीतलं अंतर कमी झालं, पण...

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्हींवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. म्हणजे करकपातीचा फायदा मोठ्या टीव्हीलाच झाला. करापूर्वी २० हजार किंमत असलेला टीव्ही आधी २५,६०० रुपयांना पडायचा, तो आता २३,६०० ला पडायला हवा. जुनीच किंमत सांगून वर 'सवलत' दाखवली जात नाही ना, हे बिलावर बघावं.

विजेचाही विचार करावा. टीव्ही ५० वॅटचा असेल आणि रोज पाच तास चालला, तर महिन्याला साडेसात युनिट लागतात. ९० वॅटचा असेल तर साडेतेरा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात आणि स्टार लेबलवर मिळतो. फरक मोठा नाही, पण कर्नाटकात गृहज्योतीच्या ठरलेल्या मर्यादेच्या काठावर असलेल्या घरांना सहा युनिटही जाणवतात.

कोणत्या घराला कोणता?

खानापूर तालुक्यातल्या गावाकडचं एक घर डोळ्यांसमोर आणा. आजी-आजोबा दोघेच, संध्याकाळच्या मालिका, सकाळी भजन, दुपारी बातम्या. केबल साधी, खुर्ची पाच-सहा फुटांवर, नेट मुलगा सुट्टीला आला की त्याच्या फोनवरून. इथे ३२ इंचीच योग्य. वाचलेल्या दहा हजारांतून एचडी बॉक्स घ्यावा, आणि ऐकायला त्रास होत असेल तर एक छोटा साउंडबारही घ्यावा. बारीक टीव्हीतले स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात आणि वयस्कर माणसांना संवाद कळत नाहीत. याचा त्रास त्यांना चित्रापेक्षा जास्त होतो.

दुसरं घर शहरातलं, बेळगावच्या टिळकवाडीतलं म्हणा किंवा इंदूरच्या एखाद्या फ्लॅटमधलं. नवरा-बायको, शाळेतली मुलं, ब्रॉडबँड आहे, सोफा आठ फुटांवर. मालिका ॲपवर, शनिवारी सिनेमा, मॅच असली की शेजारीही येतात. इथे ४३ इंचीच घ्यावा. ३२ इंची घेतला तर दोन वर्षांत पुन्हा बदलावासा वाटेल आणि पैसे दुप्पट जातील.

अडचण येते ती तिसऱ्या घरात, जिथे आजी आणि नातवंडं एकाच पडद्यासमोर बसतात. अशा ठिकाणी ४३ इंची घ्यायला हरकत नाही, पण आजीच्या वाहिन्या एचडीत घेण्याचा महिन्याचा खर्च त्याच बजेटमध्ये धरावा. शिवाय टीव्ही चालू केल्यावर थेट सेट टॉप बॉक्सचं चित्र यावं, अशी सेटिंग करून घ्यावी. नाही तर ॲपच्या जंजाळात अडकलेल्या आजीला प्रत्येक वेळी नातवाची वाट बघावी लागते आणि हळूहळू ती टीव्ही लावणंच सोडून देते.

दुसऱ्या राज्यातून घेतला तर

बेळगाव-निपाणीची माणसं खरेदीला कोल्हापूरला किंवा गोव्यात जातात. जीएसटी सगळीकडे सारखाच असल्याने राज्य बदलून कर वाचत नाही. टीव्ही स्वस्त मिळत असेल तर तो दुकानदाराच्या सवलतीमुळे. मात्र घेण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून आपल्या पिनकोडवर मेकॅनिक घरी येतो का, हे विचारावं. फुटलेला पडदा सहसा वॉरंटीत येत नाही. वाहतुकीत खोकं उभंच ठेवावं आणि बसवायला आलेल्या माणसासमोरच उघडावं.

वाद झालाच तर दुकान ज्या गावी आहे तिथे खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून बघता येते. त्यासाठी मॉडेल आणि सीरियल नंबर असलेलं पक्कं जीएसटी बिल हातात हवं.

दुकानात हे नक्की बघा

- दुकानातला झगमगता डेमो व्हिडिओ बंद करून साधी केबल वाहिनी लावायला सांगा. घरी जेवढ्या अंतरावर बसता तेवढे मागे उभे राहून बघा.
- एचडीएमआयचे किमान दोन पोर्ट असावेत. जुना बॉक्स ठेवायचा असेल तर एव्ही पोर्ट आहे का तेही विचारा.
- फोर-के स्मार्ट टीव्हीत रॅम २ जीबी असावी. १ जीबीवर ॲप रखडतात.
- लागणारी ॲप कंपनीनेच अधिकृतपणे दिलेली आहेत का, ते स्वतः उघडून बघा.
- रिमोट घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या. आवाज आणि वाहिनीची बटणं त्यांना न सांगता सापडली पाहिजेत.
- भिंतीवर लावताना पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला यावा. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी जमिनीपासून साधारण साडेतीन फूट, खाली बसणाऱ्यांसाठी अडीच फूट.
- 'बिनव्याजी' हप्त्यावर प्रोसेसिंग फी किती लागते आणि रोख घेतल्यास किती कमी होतात, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या.