तडित् संरक्षण, शाळांतील
वादळी पावसात विद्यार्थी व शिक्षक यांना विजेच्या आघातापासून सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर व गोदावरी–सिंदफणा खोऱ्यांत वळिवाच्या आणि परतीच्या पावसाबरोबर विजा पडतात. गडगडाटी मेघ बहुधा दुपारनंतर, म्हणजे शाळा सुटण्याच्या सुमारास, तयार होतात. वाड्या-तांड्यांवरील मुले त्या वेळी उघड्या शिवारातून पायी घरी जातात. त्यामुळे वर्गापेक्षा वाटेवरचा धोका मोठा असतो.

विजेची चमक तत्क्षणी दिसते. ध्वनीला मात्र १ किमी. अंतर कापण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. चमक व गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी काळ गेल्यास वीज १० किमी.च्या आत आहे असे समजावे. अशा वेळी मैदान रिकामे करून सर्वांना पक्क्या इमारतीत घ्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे मुलांना बाहेर सोडू नये. वर्गात खिडक्या, नळ व विद्युत् उपकरणे यांपासून दूर राहावे. तडित् निवारक इमारतीचे रक्षण करतो, मैदानाचे नाही. झाडाचा आसरा घातक असतो, कारण झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या व्यक्तीकडे झेपावते व जमिनीतूनही पसरते.

आघात झालेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युत् भार राहत नाही. तिला शिवण्यास न भिता, श्वास थांबला असल्यास छातीवर दाब व कृत्रिम श्वास हे उपचार तत्काळ सुरू करावेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. तथापि शाळा केव्हा सोडावयाची, याचा निर्णय आकाश पाहून शिक्षकालाच घ्यावा लागतो.