दप्तर तोलून पाहू

2016 साली चंद्रपुरात सातवीच्या दोन विद्यार्थ्यांनी चक्क पत्रकार परिषद घेऊन दप्तराच्या ओझ्याची तक्रार मांडली होती. वर्गाला हीच तक्रार आकड्यांत मांडता येते. ताणकाट्याला दप्तर अडकवायचं, किलो टिपायचे, शेजारी मुलाचं वजन; नाव मात्र लिहायचं नाही, चिडवाचिडवी नको. निकष तयार आहे. केंद्राच्या 2020 च्या धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जड नसावं. म्हणजे 4 किलोचं दप्तर 40 किलोच्या मुलीला चालेल, 28 किलोच्या मुलासाठी तेच 14 टक्क्यांवर जातं.

मोजणी एका दिवसात उरकू नये. चित्रकला आणि पीटीचा दिवस हलका असतो, फसवतो. आगाऊ सांगितलं, तर निम्मा वर्ग वह्या घरी ठेवून येणार! सगळी पुस्तकं रोज वाहणारी दोन-तीन मुलं सरासरी फुगवतात, म्हणून मध्यकही काढावा. खरी गंमत दप्तर रिकामं केल्यावर येते: पुस्तकं, वह्या, डबा, बाटली वेगवेगळं तोलायचं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. शाळेत पिण्याजोगं पाणी असेल, तर वेळापत्रकाला हातही न लावता तेवढं ओझं उतरतं.