जुना लॅपटॉप भंगारात देताय? आधी पेनड्राइव्हवरून ही फुकटची सिस्टिम चालवून बघा

पोरांच्या ऑनलाइन शाळेच्या काळात घेतलेले जुने लॅपटॉप बऱ्याच घरांत आता कपाटावर धूळ खात पडलेत. चालू केला की पाच-दहा मिनिटं नुसतं गोल फिरत राहतं. त्यात मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. लॅपटॉप त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट पहिल्यासारखे आपोआप मिळत नाहीत. विंडोज ११ टाकायची म्हटली तर टीपीएम २.० नावाची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनमध्ये हे नसतं. मग दुकानात एकच उत्तर मिळतं, नवा घ्या.

नवा घ्यायच्या किंवा जुना मातीमोल भावाने विकायच्या आधी एक संध्याकाळ खर्च करा. लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, ती फुकट मिळते आणि चोरीची नसते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये, विद्यार्थी असताना तिची सुरुवात केली. नाव नवीन वाटेल, पण तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, ही सिस्टिम लॅपटॉपमध्ये न टाकता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते. आतली विंडोज, फोटो, फायली जागच्या जागी राहतात. पाहुणा ओसरीवर बसून चहा पिऊन गेला, घरातलं भांडंही हललं नाही, असा प्रकार.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. नवख्याने त्यात न अडकता लिनक्स मिंट घ्यावं, आणि त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. स्टार्ट बटण, खालची पट्टी हे सगळं विंडोजसारखंच असल्याने एमएस-सीआयटी केलेल्या माणसाला नवखं वाटत नाही. रॅम कमीत कमी २ जीबी लागते, ४ जीबी असली तर बरं. फाइल लिनक्समिंट डॉट कॉम या मूळ साइटवरूनच घ्या. ती जवळपास ३ जीबीची आहे, म्हणजे रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये एका दिवसात बसणार नाही. ज्यांच्याकडे वायफाय आहे त्यांच्याकडून उतरवून घेतलेली बरी.

पुढचं काम चालू कॉम्प्युटरवर करायचं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. रूफस नावाचा छोटा फुकट प्रोग्राम उघडा, पेनड्राइव्ह निवडा, उतरवलेली फाइल निवडा आणि स्टार्ट दाबा. मधे प्रश्न विचारला तर 'रेकमेंडेड' लिहिलेलंच राहू द्या. फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर त्यावरून लॅपटॉप चालू होत नाही. बरेच जण इथेच फसतात.

आता जुना लॅपटॉप पूर्ण बंद करून पेनड्राइव्ह लावा. चालू करताच बूट मेनूचं बटण भराभर दाबत राहायचं. डेल, लेनोवो, एसरमध्ये बहुतेक वेळा एफ१२ असतं, एचपीमध्ये एफ९, असूसमध्ये एस्केप. यादीतून यूएसबी निवडा, मग 'स्टार्ट लिनक्स मिंट'. स्क्रीन काळीच राहिली तर परत चालू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. हे करताना बायोसमधली सिक्युअर बूट सेटिंग उगाच बदलू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर पुढच्या वेळी ती लांबलचक रिकव्हरी की मागत बसेल, आणि ती की बहुतेकांनी कुठे लिहून ठेवलेली नसते.

डेस्कटॉप दिसला की वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, यूट्यूब अडकतं का, हे सगळं तपासा. वायफाय दिसलंच नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा, नेट मिळेल. पेनड्राइव्हवरून प्रोग्राम जरा हळू उघडतात. त्यावरून सिस्टिमच सुस्त आहे असं ठरवू नका, पेनड्राइव्हचा वेगच कमी असतो.

एक्सेल-वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतील. युनिकोड मराठी नीट दिसेल, पण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली अगम्य अक्षरांत दिसतील, कारण तो फॉन्ट इथे नसतो. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्याच नाहीत. म्हणजे हिशेबवाले आणि फ्लेक्सवाले यांनी विंडोज सोडायचा विचार करू नये. सेतू केंद्र चालवणाऱ्यांनीही अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सही चालते का हे बघितल्याशिवाय हात घालू नये. कॅनन एलबीपी २९०० हा गावोगावी दिसणारा प्रिंटरही लिनक्सवर सहजासहजी चालत नाही. अभ्यास, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग एवढंच काम असेल तर मात्र हे पुरे आहे.

ज्यांना लिनक्स वापरायचंच नाही त्यांच्याही हा पेनड्राइव्ह एका कामाला येतो. विंडोज उघडत नाही, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल, डेटा जाईल. अशा वेळी याच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करा, फाइल मॅनेजरमध्ये आतली डिस्क उघडा आणि फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांची सर्टिफिकेटं दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या. विंडोज बिघडलेली असली तरी डिस्क धड असते, असं पुष्कळदा घडतं. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. जितका वेळ चालू ठेवाल तितकं नुकसान वाढतं. बिटलॉकर असेल तर की दिल्याशिवाय डिस्क उघडणार नाही.

दोन गोष्टींना जपायचं. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसतं, त्याला हात लावायचा नाही. तिथे पुढे-पुढे दाबत गेलात तर विंडोज आणि सगळा डेटा पुसला जाऊ शकतो. आणि आतल्या डिस्कवरची फाइल तुम्ही स्वतः डिलीट केली तर ती खरोखरच जाते. बाकी पेनड्राइव्हवर चालवताना जे काही केलं, पासवर्ड, ब्राउझरची हिस्टरी, डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल, ते बंद करताच नाहीसं होतं. म्हणून काही लिहिलंत तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःला मेल करा.

बंद करताना पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा असा मेसेज येतो, तसंच करा. नंतर विंडोज लावल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारताची वेळ समजते. वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सिंक नाऊ' दाबलं की जागेवर येतं.